पाय कापण्यास पैसा आहे, पाय राखण्यास का नसावा?

काही दिवसांपूर्वी आम्ही एका वृद्ध गृहस्थांच्या समाचारास गेलो होतो. वय पंचाहत्तरीच्या घरात, आणि मधुमेह जडून बरीच वर्षे झालेली. पायाला लागलेली साधी ठेच चिघळत गेली व अखेर इस्पितळात घोट्याच्या वर पाय कापावा लागला. खर्च सरकारी विम्यातून झाला. घरच्यांस कर्ज काढावे लागले नाही. आम्ही समाधानाचे दोन शब्द बोलणार, तोच ते म्हणाले, "पाय कापायला सरकारने पैसे दिले, त्यांचे भले होवो. पण पाय राखायला गोळ्या लागत होत्या, त्या माझ्या मलाच घ्यायच्या होत्या. हात आखडला की मी त्या सोडीत असे. हे कसे हो?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. तो प्रश्न आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम जे चांगले झाले आहे त्याची नोंद केली पाहिजे. केंद्र सरकारची जन आरोग्य योजना २०१८ साली सुरू झाली व तीत गरीब कुटुंबांस वर्षाला ५ लक्ष रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचारांची हमी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्व वृद्धांस, मिळकत न पाहता, तिचा लाभ खुला झाला. आपल्या महाराष्ट्रात ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेली आहे. जुना आजार आहे म्हणून मधुमेह्यास ती दारातून परत पाठवीत नाही. ज्या देशात म्हातारपणीचे आजारपण म्हणजे शेताचा तुकडा गहाण टाकणे असे समीकरण होते, तेथे ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु हा विमा इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याचा आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरी आल्यावरचे १५ दिवस एवढ्या काळाच्या औषधांचा भार तो उचलतो. एरवी घरी राहून रोज घ्यावयाची गोळी त्यात येत नाही. आणि मधुमेहाची खरी लढाई तर घरीच असते. हा रोग गाजावाजा करीत येत नाही. तो पायांची संवेदना हळूहळू बोथट करितो, म्हणून खडा रुतला तरी कळत नाही. डोळ्यांची ज्योत व मूत्रपिंडाची शक्ती तो मुकाट्याने हिरावून घेतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आहेत. इतक्या लोकांस वरातीमागून घोडे पाठवून कसे चालेल?

विमा चालविणारा म्हणेल की, विमा अवचित येणाऱ्या मोठ्या संकटासाठी असतो. रोजची गोळी हे संकट नव्हे, तो ठरलेला खर्च आहे. शिवाय गावोगावच्या लहान चिठ्ठ्या तपासाव्या कोणी, व खोट्या पावत्या ओळखाव्या कशा? ह्या बोलण्यात तथ्य आहे. तथापि, जे हिशेबास सोयीचे तेच न्यायाचे, असे मात्र ह्यावरून सिद्ध होत नाही.

ह्या कामी अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे ६५ वर्षांवरील लोकांसाठी 'मेडिकेअर' नामक सरकारी विम्याचा कायदा १९६५ साली झाला. आरंभी त्यातही घरी घ्यावयाच्या औषधांस बहुधा स्थान नव्हते. ती तरतूद २००६ साली अमलात आली. पुढे २०२३ पासून असा नियम झाला की, विम्यात मोडणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या इन्सुलिनामागे वृद्धावर महिन्याला ३५ डॉलरांहून अधिक भार पडू नये. ज्या मधुमेह्यांच्या पायांस धोका आहे त्यांस वर्षाला एक जोडी खास जोडे घेण्यासही तो विमा साहाय्य करितो. तेथे सर्व आलबेल आहे असे नाही; वृद्धांस हप्तेही भरावे लागतात. पण इस्पितळाच्या खाटेपासून औषधाच्या गोळीपर्यंत पोहोचण्यास त्या श्रीमंत राष्ट्रास चाळीस वर्षे लागली, हे ध्यानात घेऊन आपण तितका विलंब टाळावा.

कोणी म्हणतील, "म्हातारे पथ्य पाळीत नाहीत, गूळ सोडीत नाहीत, दोष त्यांचाच." दोष असेलही. पण पाय कापताना आपण त्यांस पथ्याचा जाब विचारीत नाही. मग गोळी देतानाच का विचारावा?

सरकारी आरोग्यकेंद्रांत तिशीपुढील लोकांची साखर तपासण्याची व गोळ्या फुकट देण्याची योजना आहेच. जे विम्याने साधत नाही ते ह्या वाटेने साधावे. परंतु केंद्र दूर असले, त्या दिवशी साठा संपलेला असला व मुलाची मजुरी बुडाली, तर म्हातारा दुसऱ्यांदा जात नाही. म्हणून आमचे मत असे की, विम्याच्या पत्राइतकेच गोळ्यांच्या साठ्यासही सरकारने आपले वचन मानावे, आणि गावाने ग्रामसभेत त्याची विचारणा करावी.

तोवर आपल्या हातचे आपण करावे. घरात सत्तरीपुढील कोणी असल्यास आधार दाखवून त्यांचे विम्याचे पत्र आजच काढून घ्यावे. दुखण्याची वाट पाहू नये. महिन्याच्या गोळ्या आणण्यास शेजारच्या तरुणाने जावे. आणि रोज संध्याकाळी दिव्याच्या उजेडात त्यांचे तळवे पाहावे, कारण त्यांस जखम कळत नसते. ह्याला पैसा लागत नाही. त्या गृहस्थांचा दुसरा पाय अजून शाबूत आहे; तो त्यांची नात आता रोज पाहते.