रोज उकरून पाहू नये



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १४

आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म घडतं तेव्हा त्यामागे पाच कारणं असतात. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडतं ते. कर्ता, म्हणजे करणारा. करणं, म्हणजे साधनं, इंद्रियं. चेष्टा, म्हणजे निरनिराळ्या हालचाली, खटपटी. आणि पाचवं दैव. लगेच दोन श्लोकांनंतर, १६ व्या श्लोकात, भगवंत जरा कडक बोलतात. हे सगळं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसतच नाही, असा त्याचा भाव आहे.

खरं सांगायचं तर हे दोन श्लोक मी कितीतरी वेळा वाचलेत. पण आपण डॉक्युमेंटेशन वाचतो तसे. वाचलं, मान डोलावली, टॅब बंद. या वर्षी ते कळायला लागले ते वायफायच्या राउटरवर ठेवलेल्या मिरचीच्या १२ बियांमुळे.

नोव्हेंबरमध्ये आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही जवळजवळ पहिल्यासारखं झालं, पण उजव्या हाताची बोटं ऐकेनात. आण्णांनी सगळा जन्म गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात शेती केली. ज्या हातानं खुरपं दिवसभर चालायचं, त्या हाताला शर्टाचं बटण लागेना. आम्ही त्यांना आणि आईला पुण्याला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. व्यायाम नियमित हवा, सुरुवातीचे महिने महत्त्वाचे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग मी काय केलं? जे मला येतं तेच. एक एक्सेल शीट बनवली. तारीख, व्यायाम, किती वेळा, आणि शेवटचा कॉलम: "सुधारणा, १० पैकी". रोज रात्री ऑफिसचे कॉल संपले की मी आण्णांच्या खोलीत जायचो आणि विचारायचो, "आण्णा, मूठ वळवा बघू. कालच्यापेक्षा जास्त वळते का?" आण्णा मूठ वळवायचे. मी आकडा टाकायचो. बहुतेक दिवस आकडा तोच असायचा.

फिजिओथेरपिस्टनी ताटलीतून छोट्या वस्तू चिमटीत उचलायला सांगितल्या होत्या. आधी राजमा, मग वाटाणे, मग त्याहून बारीक. जानेवारीत आई चटणीसाठी संकेश्वरी मिरच्यांची देठं काढत बसली होती. पेपरवर बिया सांडल्या होत्या. आण्णा शेजारी येऊन बसले आणि काही न बोलता उजव्या हातानं एकेक बी उचलून वाटीत टाकायला लागले. १२ बियांना पाऊण तास लागला. मग म्हणाले, "ह्या टाकूया. वाया कशाला घालवायच्या?"

झालं! माझ्यातला इंजिनियर जागा झाला. बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या. कागदी कपांच्या बुडाला भोकं पाडली, कोकोपीट आणि गांडूळखत भरलं, एकेका कपात एकेक बी, अर्धा सेंटिमीटर खोल. मिरचीच्या बीला उगवताना उजेडापेक्षा ऊब लागते, साधारण २५ ते ३० अंश. पुण्यातली जानेवारीची रात्र तिला मानवत नाही. म्हणून ट्रे ठेवला राउटरवर, कारण ते कायम कोमट असतं. वर झाकण, आत तापमानाचा सेन्सर. आण्णा बघत होते. म्हणाले, "आमी तरवा टाकताना वाफ्याला एवढी यंत्रं लावली असती तर कर्जातच मेलो असतो."

चौथा दिवस, काही नाही. पाचवा, सहावा, काही नाही. मेथी दोन-तीन दिवसांत वर येते, मिरचीला आठ-दहा दिवस लागतात, गारठा असेल तर तीन आठवडेही लागू शकतात. हे मला माहीत होतं, मी वाचलं होतं. तरीही सातव्या रात्री, एक रिलीज रखडलेलं, डोकं तापलेलं, मी टूथपिक घेतली आणि एका कपातली माती हळूच बाजूला केली.

बी फुटली होती. दोऱ्यासारखं पांढरं मूळ बाहेर येऊन खाली वळलं होतं. माझ्या टूथपिकचा धक्का लागला आणि ते तुटलं.

म्हणजे माझ्या १२ कपांत जी बी सगळ्यात पुढे होती, तीच मी मारली. ती कामाला लागली आहे की नाही, एवढंच बघायचं होतं मला.

सकाळी आण्णांनी कप बघितला. "उकरलंस व्हय?" मी गप्प. "आरं, बी मातीत टाकली की पुढचं तिचं आन् मातीचं चालू असतंय. आपण पाणी घालायचं, राखण करायची. मधी हात घालायचा न्हाय." मग थोडा वेळ थांबले. डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ह्या हाताचंबी तसंच हाय. तू रोज रात्री येऊन उकरून बघतोस. कळ काढ जरा."

मित्रांनो, मला उत्तर सुचलं नाही. मी दोन महिने समजत होतो की मी सेवा करतोय. आणि माझे वडील दोन महिने रोज रात्री माझ्यासमोर परीक्षेला बसत होते आणि नापास होत होते.

त्या दिवशी मी पुन्हा १४ वा श्लोक उघडला. आद्य शंकराचार्य आपल्या भाष्यात अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात. आणि दैव म्हणजे काय? आपण दैव म्हटलं की नशीब, लॉटरी असं काहीतरी समजतो. आचार्यांचा अर्थ वेगळा आहे. डोळ्यासारख्या इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता, म्हणजे दैव. माझा डोळा कितीही चांगला असला तरी सूर्य नसेल तर मला दिसणार नाही. बघणारा मी, डोळा माझा, प्रयत्न माझा, पण प्रकाश माझा नाही.

हे कपाला लावून बघा. कपातली माती हे अधिष्ठान. पाणी घालणारा मी कर्ता. हात, झारी, सेन्सर ही करणं. भिजवणं, झाकणं, ट्रे फिरवणं या चेष्टा. आणि ती बी आतून फुटते, मूळ खाली आणि कोंब वर जातो, ते मी करत नाही. कोंब वर आल्यावर त्याला जो प्रकाश लागतो, तोही माझा नाही. माझं काम तिथे आहे, महत्त्वाचं आहे, पण ते पाचातलं एक आहे. मी मात्र पाचही खुर्च्यांवर बसायला बघत होतो.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. "सगळं दैवावर सोडा" असं हा श्लोक सांगत नाही. पाचातलं एक कारण जरी गळलं तरी कर्म अडतं. मी बियांना पाणीच घातलं नसतं तर कुठल्याही देवतेनं त्या उगवून दिल्या नसत्या. आण्णांनी व्यायाम सोडला तर बोटं आखडणार. प्रयत्न हवाच. पण प्रयत्न आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरकही मला मिरचीनंच शिकवला. उरलेल्या ११ पैकी तेराव्या दिवसापर्यंत ८ उगवल्या. मला इतका आनंद झाला की मी दिवसातून दोनदा पाणी घालायला लागलो. दोन रोपं मातीलगत मऊ पडली, दोरा सुटावा तशी आडवी झाली आणि गेली. मिरचीच्या तरव्यात जास्त ओल झाली की बुरशी धरते आणि रोपं कोलमडतात, हे गावाकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. रोपांना पाण्याची गरज नव्हती. गरज मला होती, काहीतरी करत राहण्याची. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांना आपण किती वेळा असं पाणी घालतो?

आता जरा मागे जाऊया. ही बी आमच्या कपापर्यंत आली कुठून? मिरची मूळची आपली नाहीच. ती अमेरिका खंडातली. मेक्सिकोच्या बाजूला लोकांनी हजारो वर्षं ती पेरली, निवडली, जपली. १४९८ मध्ये पोर्तुगीज समुद्रमार्गाने भारतात पोचले आणि त्यांच्या व्यापारातून मिरची आपल्याकडे आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटाला मिरी होती. नंतर कितीतरी पिढ्यांनी चांगली फळं बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवली, तेव्हा कुठे संकेश्वरीची ती लांब, सुरकुतलेली लाल मिरची तयार झाली. एवढे हात लागलेत. आणि मी राउटरवर एक ट्रे ठेवून म्हणतो, "मी मिरची उगवली"?

यावरून संत सावता महाराज आठवले. माढा तालुक्यातल्या अरणचे माळी, १२९५ मध्ये समाधिस्थ झालेले. मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग आपण सगळ्यांनी ऐकलाय, आणि त्या भाज्यांच्या यादीत मिरचीही आहे. मिरची तर त्यांच्यानंतर दोनशे वर्षांनी आली! मग ती अभंगात कशी? मला वाटतं, गाणाऱ्यांच्या तोंडी ती येऊन बसली असावी. पुढे कुणा वारकऱ्याच्या मळ्यात हे नवं पीक आलं आणि त्यानं तेही विठ्ठलाला वाहून टाकलं. तसं असेल तर मला ते फार आवडतं. महाराज मळा सोडून पंढरीला जात नसत असं सांगतात. ते आपलं काम करत राहिले आणि देव त्यांच्याकडे आला. आजही पांडुरंगाची पालखी दरवर्षी अरणला जाते. आपला वाफा नीट सांभाळायचा. देवानं कधी यायचं हे त्याच्यावर.

आपली साधनाही अशीच असते ना? दहा मिनिटं नामस्मरण केलं की आपण लगेच आत डोकावतो. शांत वाटलं का? राग कमी झाला का? इंटरव्ह्यू दिला की दर तासाला मेल रिफ्रेश. कुणाशी भांडण मिटवलं की रोज तपासायचं, मन साफ झालंय का अजून किल्मिष आहे. मुळं अंधारात वाढतात. नाम आत काय करतंय ते पहिले काही दिवस वरून दिसत नाही. दिसत नाही म्हणजे होत नाही, असं नाही.

आता तुम्ही विचाराल, पुढे काय झालं? सहा रोपं राहिली. खिडकीत उजेड कमी म्हणून ती लांबट, हडकुळी व्हायला लागली. मग बाल्कनीत हलवली, आधी रोज तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत. एप्रिलमध्ये बारकी पांढरी फुलं आली. मिरचीच्या फुलात स्त्रीकेसर, पुंकेसर दोन्ही असतात, फक्त थोडं हलावं लागतं. शेतात वारा ते करतो. आमच्या बाल्कनीला जाळी आणि समोर दुसरी इमारत, वारा कुठला? म्हणून रोज सकाळी आण्णा खुर्ची घेऊन बसतात आणि उजव्या हाताच्या तर्जनीनं एकेका फुलाला हलकी टिचकी मारतात. दोन मिरच्या धरल्यात.

आण्णांचा हात पूर्ण बरा झालाय का? नाही. बटण अजून डाव्या हातानंच लावतात. कदाचित पुढेही तसंच राहील, मला माहीत नाही. शीट मी ठेवली आहे, पण शेवटचा कॉलम काढून टाकला. "काय केलं" एवढंच लिहितो. सुधारणा डॉक्टर त्यांच्या तपासणीत बघतील. रात्री मी अजूनही आण्णांच्या खोलीत जातो. आता विचारतो, "आण्णा, आज कुठल्या फुलाला टिचकी मारली?" आणि ते सांगत बसतात, कधी फुलाचं, कधी गावाकडच्या एखाद्या सुगीचं. परवा बोलता बोलता त्यांनी पाण्याचा पेला उजव्या हातानं उचलला. माझं लक्ष गेलं. मी काही बोललो नाही.

आजचा छोटासा संकल्प: तुम्ही रोज उकरून बघता अशी एक गोष्ट शोधा. एखादं माणूस असेल, एखादा निकाल असेल, स्वतःचं मन असेल. आज तिच्यासाठी तुमच्या वाटणीचं काम मनापासून करा, पाणी घाला, राखण करा. आणि आजचा एक दिवस माती उकरू नका.

पांडुरंगा, माझ्या वाट्याचं काम माझ्याकडून करून घे. आणि तुझ्या वाट्याच्या कामात हात घालायची माझी सवय सोडव.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥

राम कृष्ण हरी!