राहण्याचा खर्च : शून्य

दिवाळीनंतर माझा आतेभाऊ कराडहून मुंबई बघायला आला. दोन रात्री आमच्याकडे, भाईंदर पूर्वेला राहिला. परत गेल्यावर त्याने इन्स्टावर रील टाकलं : 'दोन दिवसांत मुंबई, हजार रुपयांच्या आत.' शेवटी हिशेब होता. लोकल आणि बसचे इतके, वडापाव-मिसळीचे इतके, म्युझियमचं तिकीट इतकं. आणि सगळ्यात खाली : 'राहणं – ०.'

मी ते आईला दाखवलं. तिने चष्मा लावून नीट वाचलं आणि हसत विचारलं, "हे शून्य म्हणजे मी का रे?"

ती चिडली नव्हती. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

रीलमध्ये खोटं काही नव्हतं. मुंबई खरंच कमी पैशांत बघता येते. १८८८ मध्ये बांधून झालेलं आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं सीएसएमटी रस्त्यापलीकडे उभं राहून हवा तितका वेळ बघा. ओव्हल मैदानात उभे राहिलात तर एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा झाल्या. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला कुणी पैसे मागत नाही. राजधानी राज्यातल्या सगळ्यांची असते ती अशी.

भावाने पैसे वाचवले तेही स्वतःच्या जिवावर. तासभर लोकलमध्ये उभा राहिला. टॅक्सी नको म्हणून चर्चगेटहून गेटवेपर्यंत चालत गेला. याला मी काटकसर म्हणतो. वाचलेल्या पैशांची किंमत त्याच्याच पायांनी दिली. आम्ही मीरा-भाईंदरकर तर हेच रोज करतो. मुंबईतलं घर परवडत नाही, म्हणून तो फरक आम्ही वेळेत आणि घामात भरतो.

शून्याचं मात्र तसं नव्हतं. आमचं घर वन रूम किचन. भाऊ आला की बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं पुरुष आणि आई ओट्याखाली, फ्रिजच्या आवाजात. सोसायटीचं पाणी पहाटे साडेपाचला सुटतं. एक माणूस वाढला की एक पिंप जास्त भरायचं. त्याला सकाळची लोकल पकडायची होती म्हणून पोळीभाजीचा डबा सहाला तयार. लहानपणापासून मी हे बघत आलोय. गावाकडून मुंबई बघायला आलेला प्रत्येक जण आमच्याकडे 'फुकट' राहिला, आणि ते फुकट आईने भरलं.

१७९५ साली इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने शाश्वत शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. परक्या देशात जाणाऱ्या माणसाबद्दल त्यात तो एक फरक करतो. पृथ्वीचा पृष्ठभाग सगळ्यांचा, म्हणून भेट द्यायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण पाहुणा म्हणून राहायचा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी यजमानाचं वेगळं कबूल होणं लागतं. कांट देशांबद्दल बोलत होता, मला आमचा ओटा आठवला. मुंबई बघायचा हक्क भावाला होताच. राहायला मात्र बाबांनी फोनवर "ये की, घर तुझंच आहे" म्हटलं. कबूल झाले बाबा. राबली आई. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, नात्यात कसला हिशेब? पाहुणचाराला किंमत लावली तर ते लॉज झालं. मान्य. भावाने पाचशे रुपये पुढे केले असते तर आईला वाईटच वाटलं असतं. पण किंमत न लावणं वेगळं आणि किंमत शून्य लिहिणं वेगळं. पहिल्यात उपकार शिल्लक राहतो, दुसऱ्यात तो पुसला जातो.

आणि मी कोण सांगणारा? तीन वर्षांपूर्वी मी दिल्ली 'स्वस्तात' केली. चार दिवस मावसबहिणीकडे राहिलो. किती कमी पैसे लागले ते मित्रांना अजून सांगतो. ताई सकाळी किती वाजता उठायची, मला माहीत नाही. मी उठायचो तेव्हा चहा तयार असायचा.

भाऊ मे महिन्यात परत येतोय, या वेळी एका मित्राला घेऊन. बाबांनी फोन उचलला, तेव्हा मी म्हटलं, आधी आईला विचारा. आई म्हणाली, "येऊ देत की." मग फोन हातात घेऊन त्याला म्हणाली, "पाणी साडेपाचला येतं बरं का. पिंपं तुम्ही दोघांनी भरायची."