पुढे पाठविलेल्या संदेशाची जबाबदारी



औंधमध्ये जुम्माच्या नमाजनंतर एखादा बांधव मोबाईल पुढे करून विचारतो, "मौलाना, हे खरे आहे का?" लसीमुळे पुढे मूल होत नाही, अमुक काढ्याने साखरेचा आजार कायमचा जातो, असे काहीतरी त्यात असते. मी विचारतो, "आपण पुढे पाठविले का?" उत्तर बहुधा एकच असते : "हो, पण नियत चांगली होती."

चांगली नियत येथे पुरेशी आहे काय?

२०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ पसरली. दगावलेल्या बालकांपैकी बहुतेकांना लस टोचलेली नव्हती. कोरोनाकाळात विस्कळीत झालेले लसीकरण, दाट वस्ती, कुपोषण ही कारणे होतीच. परंतु अफवांनीही काही घरांची दारे लसीसाठी बंद केली होती. त्या अफवा पसरविणाऱ्यांपैकी किती जणांना एखाद्या बाळाचे वाईट व्हावे असे वाटत असेल?

कर्मांचे मोल हेतूवर ठरते, हे सत्यच आहे. तथापि सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा आदेश देताना, अजाणतेपणी कुणाला इजा होऊन नंतर पश्चात्ताप करावा लागू नये, हे कारण सांगितले आहे. म्हणजे हा आदेश दुष्टासाठी नव्हे. तो चांगल्या हेतूच्या, पण उतावळ्या माणसासाठी आहे.

सुनन अबू दाऊदमधील एका हदीसचा आशय असा की, वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो हानीला जबाबदार ठरतो. उपचार सांगणारा संदेश पाठविताना आपणही काही अंशी वैद्याच्या जागी बसत नाही काय? "मी फक्त पुढे पाठविले" या सबबीने ती जागा रिकामी होत नाही.

१८९७ मध्ये मुंबईत प्लेगच्या लसीविषयी भीती पसरली, तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. त्यांनी आपला देह पणाला लावून संदेश दिला. आपण मात्र दुसऱ्याचे मूल पणाला लावतो.

म्हणून पाठविण्यापूर्वी जाणकार डॉक्टरांना विचारा. चुकीचे आधीच पाठविले असेल, तर केवळ मनातली तौबा पुरेशी नाही. सूरह बकराच्या १६० व्या आयतीत तौबेसोबत सुधारणा करणे व सत्य उघड सांगणेही आले आहे. ज्या ग्रुपवर चूक पसरविली, त्याच ग्रुपवर ती कबूल करा. संकोच वाटेल, पण हिशेबाच्या दिवशीच्या संकोचापेक्षा तो निश्चितच हलका आहे.