आजचं चिंतन : गीता 9.26 – एक पत्र

अमेरिकेच्या टपाल खात्याचा ‘वी डिलिव्हर’ नावाचा शाळांसाठी एक उपक्रम होता. व्हरांड्यांना रस्त्यांची नावं, वर्गांना पत्ते. मुलंच रीतसर अर्ज करून पोस्टमास्तर, पोस्टमन व्हायची. शाळेतली पत्रं शाळेतच वाटायची.

वाचताना वाटलं, कुणाला कधीच पत्र येत नाही, हे त्या छोट्या पोस्टमनला नक्की कळत असणार.

भक्तीने वाहिलेलं साधं पानही मी स्वीकारतो, असं भगवंत या श्लोकात सांगतात. संस्कृतात पान म्हणजे ‘पत्र’च! मी विठ्ठलाला रोज तुळशीपत्र वाहतो, पण भांडणानंतर दादाला दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही. मनात राग धरून वाहिलेलं पान पोहोचणार कसं?

आज पूजेआधी दादाला चार ओळी लिहिल्या. उत्तर येवो न येवो.

तुम्ही कुणाला लिहायचे राहिलात? आज लिहा.

राम कृष्ण हरी!