पाहणे आणि सोडणे

मकरसंक्रांतीच्या सुमारास आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते आणि तिच्या आगेमागे जनावरांचा बाजारही भरतो. बैल घ्यायला आलेला शेतकरी बैल कसा पाहतो, हे एकदा तरी उभे राहून पाहावे. तो आधी दात पाहतो, मग खूर पाहतो, मानेवर हात फिरवतो आणि शेवटी बैलाला चालवून पाहतो. शिंगांच्या रंगावर आणि गळ्यातल्या घुंगरांवर तो भाळत नाही, कारण घुंगरे नांगर ओढीत नाहीत हे त्याला पक्के ठाऊक असते. उलट आपण शिकलेसवरलेले लोक मुलगी पाहायला जातो आणि साऱ्या आयुष्याचा व्यवहार कांदेपोह्यांच्या एका बशीत उरकतो. जिथे चूक झाली तर पुढच्या बाजारात दुरुस्त करता येते, तिथे माणूस बारकाईने पाहतो; जिथे ती दुरुस्त करणे कठीण, तिथे तो पडद्यांचा रंग पाहून येतो. माणसाच्या स्वभावातली ही एक मोठी मौज आहे.

अशाच पाहण्याचा आणखी एक प्रकार अलीकडे घरोघर आढळतो. तो म्हणजे कॉलेज पाहायला जाणे. त्यातही दहावी-बारावी झालेल्या मुलाने जाणे वेगळे आणि एका कॉलेजात वर्ष काढलेल्या मुलाने दुसरे कॉलेज पाहायला जाणे वेगळे. पहिला नुसती निवड करतो. दुसरा निवडही करतो आणि त्यागही करतो. त्याच्या पाहण्यात सोडणे आधीच येऊन बसलेले असते. म्हणून तो जे पाहतो ते खरे असते का, आणि जे सोडतो त्याचे तो काही देणे लागतो का, असे दोन प्रश्न निर्माण होतात. या प्रश्नांपाशी मला आणून उभे केले ते माझ्या भाचीने.

मी स्वतः मॅट्रिक. पुढे चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. रात्री कादंबऱ्या लिहितो. ज्याला कॉलेज म्हणतात त्याची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, आमच्या घरात कॉलेजविषयी काही ठरवायचे झाले की मला बोलावतात. माझे मेहुणे यंत्रमागावर टॉवेल विणतात. त्यांची मुलगी सोलापुरातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. वनस्पतिशास्त्राचे तिला वेड. एके दिवशी ती म्हणाली, "मामा, दुसऱ्या वर्षाला मला फर्ग्युसनला जायचंय. अर्ज करण्याआधी एकदा डोळ्यांनी बघून येऊ या."

तेव्हा फेब्रुवारी महिना होता आणि वर्ग चालू होते. आम्ही पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेस धरली. ज्या चौघा सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले, त्यांच्या स्मरणार्थ या गाडीला हे नाव आहे. आज तीच गाडी रोज शेकडो सोलापूरकरांना सकाळी पुण्याला नेते आणि संध्याकाळी परत आणते.

फर्ग्युसनच्या आवारात शिरल्यावर पोरीचे बोलणे थांबले. ती दगडी मुख्य इमारत, मागची टेकडी, जुन्या झाडांची दाट सावली आणि कट्ट्यावर बसून भराभर इंग्रजी बोलणारी मुले! मी पडलो ड्रॉइंग मास्तर. माझी नजर कमानींच्या प्रमाणांवर गेली. तिची नजर मात्र झाडांवर होती. प्रत्येक झाडाशी थांबून ती त्याचे लॅटिन नाव पुटपुटत होती. देवळात गेलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच तिच्या चेहऱ्यावर होता. तो भाव पाहून मला आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. आनंद अशासाठी की, विद्येच्या स्थानी असा भाव उमटणारी मुले अजून आहेत. भीती अशासाठी की, गाभाऱ्यात उभा असलेला माणूस प्रश्न विचारत नाही. आणि आम्ही तर प्रश्न विचारायला गेलो होतो.

त्या आवारात उभे असताना मला एक गोष्ट आठवली आणि ती मी तिला सांगितली. हे कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झाले, तेव्हा ही इमारत नव्हती आणि हे आवारही नव्हते. कॉलेज शहरातल्या जुन्या वाड्यात भरत असे. सध्याच्या जागी ते आले १८९५ च्या सुमारास, आणि त्याच साली प्राचार्य आगरकर वारले. ज्या आगरकरांच्या नावाने आपण या कॉलेजला ओळखतो, त्यांची बहुतेक अध्यापकी या दगडांच्या आधीची. त्या काळी एखादा मुलगा गावाकडून कॉलेज 'पाहायला' आला असता, तर त्याने काय पाहिले असते? वाड्याचा चौक, अंधारा जिना आणि अल्प वेतनावर वीस वर्षे शिकवण्याची शपथ घेतलेले चार-सहा तरुण. यांतले पाहण्यासारखे जे होते ते डोळ्यांनी दिसणारे नव्हते.

म्हणून मी तिला म्हणालो, "ही इमारत मनातून काढून टाक. हेच मास्तर, हेच पुस्तकालय, हीच प्रयोगशाळा एखाद्या पडक्या वाड्यात असती, तर तू सोलापूर सोडून आली असतीस का? याचे उत्तर 'हो' असेल तर अर्ज कर."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण मामा, झाडं पण काढून टाकायची?"

यावर मी निरुत्तर झालो. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीला झाडे म्हणजे घुंगरे नव्हेत, ते तिचे पुस्तक आहे. तेव्हा माझी कसोटी बरोबर असली, तरी शोभा कोणती आणि सार कोणते हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. मामाने ते ठरवून चालत नाही.

पुढे कट्ट्यावर आमच्याच बाजूची एक मुलगी भेटली. बार्शीकडची. तिने मात्र आम्हांला बैल चालवून दाखवला! पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडले नाही, असे तिने सांगितले. कॉट बेसिसवर राहताना एका खोलीत चौघी असतात, मेसची भाजी रविवारी संध्याकाळी मिळत नाही, आणि गावाकडे पहिली येणारी मुलगी इथे मधल्या बाकावरची होते, हेही सांगितले. मग हसून म्हणाली, "पण आता परत जा म्हटलं तर जाणार नाही." हे शेवटचे वाक्य मी नीट ऐकले. कारण ते बोलणारी मुलगी बार्शीहून निघालेली मुलगी नव्हती. इथल्या सहा महिन्यांनी तिला दुसरीच कोणी बनवले होते, आणि ही दुसरी मुलगी स्वतःच्या जन्मस्थानाची बाजू घेत होती.

खरी अडचण इथे आहे. बैल विकत घेतल्याने शेतकरी बदलत नाही. कॉलेज निवडल्याने निवडणारा बदलतो. किंबहुना बदलण्यासाठीच तो जातो. आजच्या आवडीनिवडींनी उद्याच्या अशा माणसासाठी घर शोधायचे, ज्याच्या आवडीनिवडी आज ठाऊकच नाहीत! कितीही फेऱ्या मारल्या तरी हे पाहून कळणार नाही. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते काही आधी आवार पाहून गेले नव्हते. पण म्हणून न पाहता जाणे हा काही गुण ठरत नाही. ती त्या काळाची सक्ती होती. ज्याला पाहून येणे परवडते त्याने अवश्य पाहावे. फक्त 'मला हे आवडते का' एवढाच प्रश्न खिशात घालून जाऊ नये. 'हे मला काय करून सोडील, आणि तसे होणे मला मान्य आहे का' हाही प्रश्न बरोबर न्यावा.

आता दुसरा प्रश्न, सोडण्याचा. माझ्या मते तो अधिक अवघड आहे.

मुलीच्या सोलापूरच्या कॉलेजात एक प्राध्यापक आहेत. त्यांनी तिला स्वतःची पुस्तके वाचायला दिली, सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडून दिली. तिला फर्ग्युसनचे स्वप्न पडले तेही त्यांच्यामुळेच. अशी प्रत्येक हुशार मुलगी दुसऱ्या वर्षाला निघून गेली, तर त्या वर्गाचे काय होईल? जी मुले जाऊ शकत नाहीत, ज्यांच्या घरी विड्या वळल्याशिवाय चूल पेटत नाही, त्यांच्या बाकावरून एक चांगली सोबतीण उठून जाते. सोलापूरने पुण्याला विद्यार्थी द्यावेत, पुण्याने मुंबईला आणि मुंबईने परदेशाला, असा हा उतारावरचा ओघ आहे. या जिल्ह्यासाठी २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ झाले, ते हा ओघ थोडा तरी अडावा म्हणूनच ना?

दुसऱ्या बाजूनेही पाहू. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, वैद्यकी शिकायला मुंबईस गेले आणि १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले. १९४२ साली ते तिथेच वारले. त्यांनी सोलापूर सोडले म्हणून सोलापूरचे काही गेले, असे कोण म्हणेल? माणूस गावात राहिल्यानेच गावाचा होतो, हे काही खरे नाही.

तेव्हा राहणे हे कर्तव्य आहे की नाही, हे कोणी काय शब्द दिला होता यावर अवलंबून असते, असे मला वाटते. फर्ग्युसनच्याच इतिहासात पाहा. वीस वर्षांची शपथ शिक्षकांनी घेतली होती, विद्यार्थ्यांनी नव्हे. गोखले १९०२ पर्यंत तिथे शिकवीत राहिले. टिळकांनी मात्र आजीव सदस्यांनी बाहेरची मिळकत घ्यावी की नाही अशा तत्त्वाच्या वादातून १८९० साली, स्वतः उभारलेली संस्था सोडली. शपथ घेतलेल्यालाही कारण सांगून, उघडपणे सोडता येते; मग जिने शपथच घेतली नाही त्या अठरा वर्षांच्या पोरीला आपण कोणत्या तोंडाने अडवणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तर श्रेयांकांची बँक निघाली आहे. जागा रिकामी असली आणि दोन्हीकडचे नियम जुळले, तर एका ठिकाणचे शिकणे दुसऱ्या ठिकाणी जमा होऊ शकते.

पण श्रेयांकांच्या बँकेत सगळेच जमा होत नाही. सुट्टीच्या दिवशी उघडलेली प्रयोगशाळा कोणत्या खात्यावर मांडणार? कायद्याने जे देणे लागत नाही, तेच खरे देणे. ते राहून फेडायचे नसेल, तर सोडण्याच्या रीतीने फेडावे लागते.

कादंबरीकार म्हणून मला माणसाची एक खोड ठाऊक आहे. एखादी जागा सोडायची ठरली की तिच्यात दोष दिसू लागतात. काल जे मास्तर प्रेमळ होते ते आज जुनाट वाटू लागतात, जी प्रयोगशाळा पुरेशी होती ती कोंदट होते. आपण जात आहोत हे अपराधासारखे वाटू नये, म्हणून मन मागच्या घराला आधीच काळे फासून ठेवते. परतीच्या गाडीत माझी भाचीही नेमके हेच करू लागली. "आपल्या कॉलेजात काय आहे, मामा?" असे ती म्हणाली. मी एवढेच म्हणालो, "तुला फर्ग्युसनचं स्वप्न पडेल इतकं तरी आहे." दौंड येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

अर्ज करण्याआधी ती आपणहून त्या प्राध्यापकांकडे गेली. दाखल्यासाठी कचेरीच्या खिडकीशी उभे राहण्याआधी त्यांच्यापुढे उभी राहिली, पुस्तके परत केली आणि कारण सांगितले. ते रागावले नाहीत, फारसे खूशही झाले नाहीत. म्हणाले, "जा. पण तिथलं नवीन काही कळलं की आपल्या वर्गाला येऊन सांग." तिने 'हो' म्हटले. आता मात्र तिने शब्द दिला आहे, आणि तो मोडला तर ती खरोखर देणेकरी होईल.

वाचक हा अंक हाती घेतील तेव्हा पुण्याहून येणाऱ्या गाड्या दिवाळीला घरी परतणाऱ्या मुलामुलींनी भरलेल्या असतील. पाठीवर पिशव्या, डोळ्यांत जागरण आणि बोलण्यात थोडे नवे वारे. फराळाच्या ताटावर त्यांना परीक्षेचे गुण खुशाल विचारा. पण ती मुले बोलू लागली की एका शब्दाकडे कान ठेवा. ती 'तुमचे सोलापूर' म्हणतात की 'आपले सोलापूर', यावरून ती नुसती निघून गेली की नीट निरोप घेऊन गेली, ते कळेल.