बिनकुंपणाचे शिवार

गावाचा वारसा म्हटले की देऊळ, गढी, वाडा असे काही डोळ्यांपुढे येते. इंग्लंडमध्ये ती जागा चर्च आणि किल्ला घेतात. नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या लहानशा गावात दोन्ही आहेत. तरीही या गावाचा खरा ठेवा तिथल्या शेतीच्या रीतीत आहे, आणि ती रीत आजही रोजच्या कामाची आहे.

मध्ययुगात मध्य इंग्लंडमधील बहुतेक गावे सामाईक शिवारे कसत. लॅक्स्टनमध्ये अशी तीन शिवारे टिकून आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. आत कुठेही कुंपण नाही. शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या. एका शिवारात गहू, दुसऱ्यात वसंतातला पेरा, तिसरे पड. पुढच्या वर्षी पाळी बदलते. 1635 मध्ये मार्क पीअर्सने काढलेल्या नकाशात प्रत्येक पट्टी नोंदलेली आहे. पुढे पट्ट्या एकत्र होऊन त्यांची संख्या बरीच घटली, पण व्यवस्थेचा गाभा तोच राहिला.

ही व्यवस्था चालते ती एकमेकांवर नजर ठेवण्याच्या मान्य अधिकारामुळे. दर वर्षी नोव्हेंबरअखेरीस शेतकऱ्यांतूनच नेमलेले पंच गव्हाच्या शिवारात फिरतात, पट्ट्यांच्या हद्दी पाहतात, खुंट्या ठोकतात. कुणाचा नांगर वाटेत किंवा सामाईक गवताच्या पट्ट्यात घुसला असेल, तर त्याची नोंद होते. आठवड्याभराने गावच्या डव्हकोट इन या पबात ‘कोर्ट लीट’ भरते, दंड ठरतो, नवे पंच नेमले जातात. आज दंड करणारा उद्या स्वतः दंड भरू शकतो, हे प्रत्येकाला ठाऊक असते. 1977 च्या कायद्याने देशातील अशा बहुतेक न्यायसभांचे अधिकार संपले; लॅक्स्टनचे राखले गेले.

इतरत्र काय झाले? 1604 ते 1914 या काळात संसदेने पाच हजारांहून अधिक कायदे करून सामाईक शिवारे आणि गायराने कुंपणांत घातली. उत्पन्न वाढले, पण ज्यांचा आधार गायरानातल्या एखाद्या गाईवर होता, त्यांचा तो आधार गेला. एकत्र बसून पेरणी ठरवण्याची गरजही त्याबरोबर संपली. शेजारी शेजारीच राहिले, पण त्यांचे एकमेकांवाचून अडेनासे झाले.

म्हणून जुन्या गावाचे गोडवे गावेत असे मुळीच नाही. लॅक्स्टनची जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची नाही. बहुतेक जण कुळे आहेत. 1952 मध्ये अर्ल मॅन्व्हर्सकडून ती कृषी मंत्रालयाने घेतली, 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे गेली आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटने विकत घेतली. मालकाने मनावर घेतले नसते, तर ही शिवारे केव्हाच मोडली असती. मोठ्या यंत्रांच्या काळात अरुंद, विखुरलेल्या पट्ट्या कसणे परवडणारेही नाही. परंपरेचे मोल सारा देश मानतो, पण तिची झळ मोजकी शेतकरी कुटुंबे सोसतात, हा अन्याय नजरेआड करता येणार नाही.

वारसा जपण्याच्या आपल्या कल्पना इथेच तोकड्या पडतात. इमारतीला पैसा आणि गवंडी मिळाले की ती उभी राहते. रीतीला मात्र ती पाळणारी माणसे लागतात, आणि त्यांचे पोट त्याच जागी भरावे लागते. तरुण शेतकऱ्याला लॅक्स्टनमध्ये परवडेल अशा खंडाने जमीन आणि राहायला घर मिळाले नाही, तर पंचांची फेरी पर्यटकांसाठी केलेला देखावा होऊन बसेल. तेव्हा वारशासाठी खर्च करायचाच, तर त्याचा पहिला वाटा ती शिवारे कसणाऱ्यांना मिळाला पाहिजे. तसेच शिवाराबाबतचा निर्णयही त्यांच्याच हाती राहिला पाहिजे, कारण तो अधिकार हाच लॅक्स्टनचा सर्वांत जुना ठेवा आहे.