एका माणसाचें माप

निफाडचें नांव दर हिवाळ्यांत महाराष्ट्रभर ऐकूं येतें, तें तेथील थंडीमुळें. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रांतील तापमापक पहाटे जो आंकडा दाखवितो, तो वाचून द्राक्षबागाईतदार बागेंत शेकोट्या पेटवितात. त्या आंकड्याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. कारण त्याच हवेंत तोच तापमापक पुन्हां पाहिला, तर तोच आंकडा मिळेल हा भरंवसा असतो. मोजमापाची सारी प्रतिष्ठा या भरंवशावर उभी आहे. माणसाच्या मेंदूचें माप घेतांना तो कितपत ठेवतां येईल?

रक्तांतील प्राणवायूचा फरक चुंबकीय प्रतिमेंत टिपतां येतो, हें सेइजी ओगावा व त्यांचे सहकारी यांनीं १९९० मध्यें दाखविलें. पुढें १९९२ मध्यें, डोळ्यांपुढें प्रकाश लुकलुकविला असतां माणसाच्या मेंदूच्या मागील बाजूचें दृष्टिकेंद्र जागृत होतांना या रीतीनें पाहतां आलें. या शास्त्रांतील अत्यंत भक्कम प्रयोगांपैकीं हा एक होय. तरीही तेथें संकेताची वाढ शेंकडा दोनचार इतकीच असते. ती कांहीं सेकंद उशिरा येते. आणि मोजला जातो तो पेशींचा व्यापार नव्हे, तर त्याच्या मागोमाग येणारा रक्ताचा ओघ. चहाकॉफी, झोपेची गुंगी, डोक्याची किंचित् हालचाल, एवढ्यानेंही माप बदलतें. तेंच चित्र त्याच माणसास पंधरा दिवसांनीं पुन्हां दाखविलें, तर जागा बहुधा तीच उजळते, परंतु प्रमाण तेंच राहील असें नाहीं.

२०२० मध्यें ड्यूक विद्यापीठांतील संशोधकांनीं विविध मानसिक कृत्यांवरील ९० प्रयोग एकत्र तपासले. एकाच व्यक्तीच्या दोन मापांतील मेळ, पूर्ण मेळास १ धरिल्यास, सरासरीनें ०.४ च्या आसपास भरला. म्हणून हें शास्त्र खोटें ठरत नाहीं. 'माणसें पाहतात कशानें?' या प्रश्नाचें उत्तर तें उत्तम देतें, कारण त्या बाबतींत माणसें एकमेकांसारखीं असतात. परंतु 'हा माणूस त्या माणसाहून वेगळा कसा?' हा प्रश्न निराळा. समूहाविषयींचें सत्य व्यक्तीच्या माथीं मारणें, येथूनच नीतीचा प्रश्न सुरू होतो.

हा प्रश्न आपल्या दारीं येऊन गेला आहे. जून २००८ मध्यें पुण्याच्या न्यायालयानें एका खुनाच्या खटल्यांत इतर पुराव्याबरोबर आरोपीच्या मेंदूंतील विद्युत्-लहरींची चांचणीही ग्राह्य मानिली व जन्मठेप दिली. ती चांचणी प्रतिमेची नव्हती. पण मेंदूचा लेख वाचून एका व्यक्तीविषयीं निर्णय करण्याची वृत्ति तीच. ५ मे २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा चांचण्या सक्तीनें करणें घटनाबाह्य ठरविलें. तो निर्णय स्तुत्यच आहे. तथापि सक्ति टळली म्हणजे सारें भागलें असें नाहीं. आरोपीच्या संमतीनें माप न्याय्य होईल, खरें होणार नाहीं.

कोणी म्हणेल, साक्षीदार तरी दोनदां तेंच कोठें सांगतो? मग यंत्राकडूनच अधिक अपेक्षा कां? आक्षेप बिनतोड वाटतो, पण साक्षीदाराची उलटतपासणी होते. तो चुकूं शकतो हें सर्वांस ठाऊक असतें. मेंदूच्या चित्रांतील रंग मात्र संशोधकानें ठरविलेल्या मर्यादेवरून भरलेले असतात, आणि पाहणारास ते डोळ्यांनीं पाहिलेल्या वस्तूसारखे भासतात. जें अनुमान आहे, तें प्रत्यक्षाचा वेष घेऊन येतें.

म्हणून एवढा दंडक तरी असावा: ज्या मापावरून एखाद्याची नोकरी, अब्रू किंवा स्वातंत्र्य ठरावयाचें, तें त्याच माणसावर पुन्हां घेतलें असतां किती बदलतें, हें आधीं सांगितलें जावें. १८४२ मध्यें निफाडास जन्मलेले महादेव गोविंद रानडे १८९३ मध्यें मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्या आसनावर बसणारासमोर सरासरी माणूस कधींच उभा राहत नाहीं. उभा राहतो तो एक माणूस, आणि त्यालाच शिक्षा भोगावी लागते.